हातावर बसायचा नियम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांचं नाव घ्यायची रीत आहे. ते मी मनात घेतो आणि मोठ्याने कर्णिकबाईंचं नाव सांगतो. वडील आमच्या परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांनी मला बी.ए. होईपर्यंत शिकवलं, आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी एवढं शिकलं. पण शिकलेल्या माणसांच्या जगात मान वर करून उभं कसं राहायचं हे त्यांना सांगता येणं शक्य नव्हतं. ते बाईंनी शिकवलं, आणि तेही गोळ्या ठेवायच्या एका प्लॅस्टिकच्या डबीवरून.

ठाण्याला नौपाड्यात एका चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बाईंच्या दोन खोल्या होत्या. मोबाइलवरची रोजची ॲप, बँकेची, विजेच्या बिलाची, रिक्षा बोलवायची, आणि म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांसाठी केलेली उपकरणं, म्हणजे कानाचं मशीन, बोलणारं बीपी मापक, वॉकर, असल्या वस्तू बाजारात येण्याआधी किंवा आल्यावर कंपन्या बाईंकडे पाठवायच्या. बाई त्या खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायच्या की त्या वापरता येतात का. पत्रव्यवहारात या कामाला मोठं इंग्रजी नाव होतं. दारावर मात्र बाईंनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, 'इथे वस्तू तपासल्या जातात. माणसं नाही.' त्या पाटीमुळे लोक काहीही घेऊन यायचे. एकदा एक गृहस्थ बिघडलेला मिक्सर घेऊन आले. बाईंनी तो ठेवून घेतला, आठवडाभर वापरला आणि त्यांना झाकणाबद्दल एक पानभर लेखी मत दिलं. मिक्सर तसाच बिघडलेला परत केला.

मी नोकरीसाठी गेलो तेव्हा त्यांनी माझे कागद बघितले नाहीत. टेबलावर एक गोळ्यांची डबी ठेवली आणि म्हणाल्या, "मंगळवार उघड." सात वारांचे सात कप्पे होते. मी नखाने, अंगठ्याने, शेवटी दातापर्यंत नेऊन पाहिली, पण मंगळवार उघडेना. मला घाम फुटला. असं माझं नेहमीच व्हायचं. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरताना सायबर कॅफेतलं पान बंद पडलं तरी मी मालकाची माफी मागितली होती. काहीही बिघडलं की आपल्याच गावठी हातांनी बिघडलं, अशी माझी खात्री असायची.

मी म्हणालो, "सॉरी मॅडम, माझंच चुकतंय. मला सवय नाही."

बाई म्हणाल्या, "जिन्यापर्यंत जा. हे वाक्य तिथे ठेव आणि परत ये."

मला वाटलं हाकललं. पण त्या थांबल्या होत्या, म्हणून मी खरंच जिन्यापर्यंत गेलो, जरा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. त्यांनी विचारलं, ठेवलंस? मी हो म्हटलं. "मग आता सांग, डबी का उघडत नाही?" तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या बोटांकडे न बघता डबीकडे बघितलं. खाच अंगठ्याच्या मानाने फारच लहान होती, आणि झाकण जिथून उचलायचं तिथेच वाराचं नाव कोरून जागा अडवली होती. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, सोमवारपासून ये. मला इंग्रजी नीट येत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या, "या डबीलाही येत नाही. कुणी काही बोललं का तिला?"

बाई मूळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा जेवायला, बटणं लावायला, लिहायला शिकवणाऱ्या. एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी आयुष्य काढलं होतं. यजमान गेल्यावर हे काम सुरू केलं. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. बाई डोंबिवलीत एकट्या राहायच्या आणि ते एकटं राहणं एखाद्या पदवीसारखं मिरवायच्या. त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी नौपाड्यात सगळ्यांना माहीत होत्या. मोतीबिंदू झालेल्या माणसाला काय दिसतं ते कळावं म्हणून जुन्या चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन फासून त्या गावदेवीच्या मंडईत भाजी घ्यायला जायच्या. संधिवातासाठी भांडी घासायचे रबरी हातमोजे एकावर एक घालायच्या आणि तसेच दिवसभर फोन उचलायच्या. पाय दुखणाऱ्यांसाठी चपलेत हरभरे टाकून टेंभी नाक्यापर्यंत चालत जाऊन यायच्या. रिक्षावाले विचारायचे, "मॅडम, आज कोणता आजार?" बाई न चिडता सांगायच्या.

यंत्रांशी त्या बोलायच्या, तेही कान धरल्यासारखं. तपासणीला आलेल्या माणसांना त्या 'पाहुणे' म्हणायच्या. एखादा पाहुणा ओशाळून म्हणाला की मला काही हे जमत नाही हो, की बाई त्याच्याकडे न बघता समोरच्या फोनकडे वाकायच्या. "ऐकलंस? एवढा मोठा माणूस तुझ्यामुळे खाली मान घालतोय. लाज वाटू दे जरा." पाहुणा हसायचा. मग त्याचे हात जरा मोकळे चालायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. नोंदी घेणाऱ्याने पाहुण्यासमोर हातावर बसायचं. म्हणजे खरोखरच दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून. लिहायचं ते नंतर, कॅमेऱ्यातलं बघून. माझ्यासोबत काम करणारी प्रज्ञा डोंबिवलीचीच, तोंडाने फटकळ. ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "अरे, हसू नको, मी पण हसलेली. संध्याकाळपर्यंत हाताला मुंग्या आलेल्या."

नियम का आहे ते मला चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींमुळे कळलं. मासळी विकायच्या, पैसे घ्यायचं ॲप तपासायला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी त्या ॲपबद्दल मत दिलं, "पैसं आलं का बोलतंय, गेलं का गप. निस्ता माझा घोव." नवऱ्याची ही उपमा ऐकून आम्ही सगळे हसलो. मग त्यांना एका गिऱ्हाइकाचे जास्तीचे पैसे परत करायला सांगितलं आणि त्या अडकल्या. ज्यावर बोट ठेवायचं ते बटण बटणासारखं दिसतच नव्हतं. त्या शोधत राहिल्या, कपाळावर आठ्या पडल्या, बोट हवेत थांबलं. मला बघवेना. माझा हात मांडीखालून निघाला आणि मी नुसतं बोट दाखवलं. मावशींनी लगेच काम केलं, मला आशीर्वाद दिला आणि चहा पिऊन गेल्या.

बाई ओरडल्या नाहीत. दार लावून त्यांनी मला समोर बसवलं. "तू मावशींना मदत केलीस असं तुला वाटतंय. तू त्या ॲपला मदत केलीस. आता आपण कंपनीला काय सांगणार, की मावशींना जमलं? उद्या बाजारात, हात ओले असताना, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तू तिथे असणार आहेस का?"

मी नाही म्हटलं. मग त्यांनी नियमाचा दुसरा अर्धा भाग सांगितला. तपासणी कधी संपली हे आपण ठरवायचं नाही. वेळ संपली म्हणून नाही, दया आली म्हणूनही नाही. पाहुणा स्वतः 'थांबतो' किंवा 'थांबते' म्हणाला तरच संपली. तोपर्यंत तो प्रयत्न करतोय. प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या हातातून वस्तू काढून घेणं यासारखा अपमान नाही, असं त्या म्हणाल्या. पाहुणा आला की सुरुवातीला त्याला हे सांगावं लागे, आणि सांगताना बाई उभ्या राहत.

मी हातावर बसायला शिकलो. इतकं की प्रज्ञा मला 'पुतळा' म्हणायची.

बाईंच्या हाताला कंप सुटला तो नेमका कधी, हे आम्हाला सांगता येणार नाही, आणि त्याचं कारण सांगायला मला अजून जड जातं. आमच्याकडे तेव्हा कंपवाताच्या रुग्णांसाठी केलेला एक जड चमचा आला होता. थरथरत्या हातातूनही आमटी सांडू नये म्हणून केलेला. त्यामुळे जेव्हा बाईंचा कप बशीवर वाजायला लागला, त्या ब्लाउजला हुकांऐवजी चिकटपट्टी लावायला लागल्या, सही करताना मनगट टेबलाला दाबून धरायला लागल्या, तेव्हा आम्ही एकमेकांकडे कौतुकाने बघितलं. या वेळी बाईंनी कंपवात घेतलाय. किती बारकाईने करतायत. हरभरे आणि व्हॅसलीन पाहिलेल्या आम्हाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. प्रज्ञाने तर बाई चहा ओतत असताना त्यांच्या नकळत एक छोटं चित्रण केलं. कंपनीसमोर दाखवायच्या अहवालात ते टाकलं आणि खाली लिहिलं, 'कंपवाताचं अनुकरण: अनुभवी तज्ज्ञाकडून'.

अहवाल पाठवण्याआधी बाईंना दाखवायची पद्धत होती. त्या चित्रणापाशी बाई थांबल्या. पुन्हा लावायला सांगितलं. चहा बशीत सांडला, बशीतून टेबलावर आला, बाईंनी पदराने पुसला. आम्ही शाबासकीची वाट बघत होतो.

"नोंद अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त 'अनुकरण' हा शब्द काढा."

प्रज्ञा रडायला लागली. मी उठून पाणी आणलं आणि ते कोणाला द्यायचं हे न कळून हातात धरून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, रडण्यासारखं काही नाही, तुम्ही छान बघितलंत, फक्त काय बघतोय ते कळलं नाही. त्या हसतही होत्या. पण त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या बाबतीत सगळे नियम मोडायला लागलो. त्यांनी कप उचलायच्या आत मी उचलायचो. त्यांचा फोन वाजला की प्रज्ञा हिरवं बटण दाबून त्यांच्या कानाला लावायची. एकदा बाई मला म्हणाल्या, "तुझे हात हल्ली फार मोकळे झालेत रे." मी ते थट्टेवारी नेलं.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि शेजारच्यांना कळेपर्यंत त्या जमिनीवरच होत्या. मुलगी अनघाताई बडोद्याहून आली ती आईला घेऊन जायचं ठरवूनच. बाई म्हणाल्या, मी येत नाही. अनघाताई म्हणाली, मग पुन्हा पडलीस तर? बाईंनी त्यावर जो तोडगा काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. आमच्याकडे तेव्हा मनगटाला बांधायचा एक पट्टा तपासणीला होता. पडलं की त्यावरचं बटण दाबायचं, की मुलांना आणि शेजाऱ्यांना फोन जातो. बाई म्हणाल्या, "तपासणी घेऊ. मी जमिनीवर बसते. मला एकटीला तो पट्टा चालवता आला तर मी इथेच राहीन. नाही आला तर तू म्हणशील तशी येईन."

अनघाताई कबूल झाली. तपासणी घ्यायला बाईंनी मला बोलावलं. प्रज्ञा म्हणाली मी पण येते, तर तिला म्हणाल्या, "नको, तू रडशील. तो पुतळा आहे."

रविवारी सकाळी मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. घरात पोह्यांचा वास होता, अनघाताईने केले होते. कुणी खाल्ले नाहीत. बाई ओट्याजवळ चटईवर बसल्या, पाय लांब करून, भिंतीला न टेकता. फोन मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवला. मी स्टुलावर बसलो आणि तळवे मांड्यांखाली घेतले. अनघाताई दाराला टेकून उभी राहिली. मी उभं राहून नियम सांगायला हवा होता. पण बाईंसमोर बाईंचाच नियम सांगायचा मला संकोच वाटला. बाईंनी हाताने खूण केली, चल, सुरू कर.

त्या पट्ट्याचं बटण नुसतं दाबून चालत नसे. दाबून धरावं लागे, आधी लाल दिवा लुकलुकेपर्यंत आणि मग पट्टा थरथरेपर्यंत. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कंपनीने केलेली सोय. ज्याचं बोट एका जागी ठरत नाही अशा माणसासाठी केलेल्या वस्तूत ही सोय होती. बाईंनी बोट ठेवलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी बोट सोडून दिलं आणि अंगठ्याचं पेर लावून पाहिलं. मग हनुवटी. घरात फक्त त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. एकदा त्या पट्ट्याला म्हणाल्या, "बघते तुझ्याकडे." अनघाताई डोळे पुसत होती.

मग बाईंनी इकडेतिकडे बघितलं. ओट्याखालच्या कपाटाची लाकडी कड त्यांच्या उंचीला होती. त्यांनी सरकत सरकत तिथपर्यंत जाऊन मनगट उलटं केलं, बटण त्या कडेवर टेकवलं आणि सगळं अंग हातावर टाकलं. हात थरथरत होता, पण आता अंगाचं वजन त्याच्यावर होतं आणि बटण सुटत नव्हतं. पट्ट्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बाई जिंकणार होत्या.

पण दारातून ते तसं दिसत नव्हतं. तिथून दिसत होती ती जमिनीवर वाकडी होऊन कपाटाला रेलणारी आई. अनघाताई "आई, बस झालं, पुरे" म्हणत धावली, तिने बाईंना दोन्ही काखांत धरून उचललं आणि पट्टा कडेवरून सुटला. दिवा विझला.

लेकीच्या खांद्यावरून बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर होतो, हातावर बसलेला. तपासणी घेणारा मी होतो. 'ताई, थांबा, बाईंनी थांबते म्हटलेलं नाही', एवढंच मला म्हणायचं होतं. त्यासाठी हात लागत नाहीत. पण ती आई होती आणि ती लेक होती, आणि मी त्या घरात पोहे खायला बोलावलेला परका मुलगा. शिवाय खरं सांगायचं तर, माझ्याच्यानेही ते बघवत नव्हतं. संपलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

अनघाताई वाईट नव्हती. तिने मला जिन्यापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "तू तरी समजून घे रे, मी एवढ्या लांबून काय काय बघू?" मी समजून घेतलं. कुणालाच दोष देता येत नाही अशी ही गोष्ट आहे, म्हणूनच ती मनातून जात नाही.

बाई बडोद्याला गेल्या. दाराची पाटी त्यांनी काढू दिली नाही, पण पुढच्या भाडेकरूने काढली. आता तिथे केसांचा दवाखाना आहे. प्रज्ञा पुण्याला गेली. मी ठाण्यातच एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो. काचेची खोली आहे, थंड हवा आहे, आणि नवीन मुलांना मी हातावर बसायला सांगतो तेव्हा ती एकमेकांकडे बघून हसतात. अनघाताईशी फोनवर बोलणं होतं. बाईंना सगळं हातात मिळतं, असं ती सांगते. बाईंना फोन द्या म्हटलं की त्या थोडंच बोलतात. फोन त्यांच्या कानाशी दुसऱ्याने धरलेला असतो, हे ऐकू येतं.

म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात. पाकीट डिंकाने बंद केलं नाही. वरचं झाकण एका रुंद कापडी पट्टीने अडकवलं, ती ओढली की पाकीट उघडतं. पाठवण्याआधी भांडी घासायचे हातमोजे एकावर एक घालून ते मी पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. पत्र असं होतं:

ती. बाईंस,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमचं तुम्हीच उघडावं अशी विनंती आहे. पाकीट उघडलं नाही तर चूक पाकिटाची आहे. मला कळवा, मी दुसरं करीन.

त्या रविवारच्या तपासणीचा अहवाल मी तुम्हाला दिला नव्हता. तो देतो. बटण दाबून धरावं लागतं, ही त्या पट्ट्याची चूक आहे. हे मी कंपनीला लेखी कळवलं होतं. आता त्यांनी बटण काढलं आहे, पट्टा कुठेही दाबला की फोन जातो, मुठीत धरून दाबा किंवा कशावरही टेकवून. त्या दिवशीच्या पाहुण्यांनी बोट, पेर आणि हनुवटी वापरून पाहिली आणि शेवटी स्वतःची रीत शोधून काढली. दिवा लागला होता. मी तो पाहिला आहे. तिथे तो पाहणारा मी एकटाच होतो आणि मी तेव्हा बोललो नाही, याची खंत माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही मला जिन्यावर एक वाक्य ठेवून यायला सांगितलं होतं. ते मी पुन्हा उचललेलं नाही. माझ्या वडिलांनाही तसं करायला शिकवलं. परवा ते बँकेत मशीनला म्हणाले, लाज वाटू दे. मागचे लोक हसले, वडील पण हसले.

नवा पट्टा सोबत आहे. अनघाताईंना माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही पट्टा घालाल तेव्हा त्यांना स्टुलावर बसायला सांगा, हातावर.

बाई, तुम्ही 'थांबते' म्हणाला नव्हतात. माझ्या नोंदीप्रमाणे तपासणी अजून चालू आहे.

तुमचा,
पुतळा